मधला दाखला

वाळपईला पोचले तेव्हा कदंबाची शेवटची बस
वळून, धूर सोडून, निघूनही गेली होती.
बागायतदार सोसायटीच्या फाटकाशी आंतोन.
मी कार्ड दाखवलं, त्यावरचा फोटो दाखवला,
कंपनीचं शिक्क्याचं पत्र दाखवलं.
बॅटरीच्या उजेडात त्याने सगळं उलटसुलट पाहिलं.
"हे सगळं तूच आणलंस," म्हणाला,
"तू कोण ते तूच सांगणार?"

समोरच्या गाड्यावरून फटू गावकर ओरडला,
अर्धा उंडो हातात, अर्धा तोंडात:
"आमचीच रे ती. पणजीच्या सायबाचा
मला फोन आला होता."
फाटक उघडलं.

आत सुपारीच्या पोत्यांचा तुरट वास,
कोपऱ्यात सर्व्हर, त्याच्यावर गणपती आणि स्टेपलर.
दीपा म्हणाली, चार दिवस झाले, लाल पान येतं,
जोडणी सुरक्षित नाही म्हणतं.
मग काय करता?
"खाली बारीक अक्षरांत असतं ना, तरीही पुढे जा.
तेच दाबतो. सभासदांनाही शिकवलंय."
हे सांगताना ती जराशी अभिमानाने हसली.
मला बिघाडापेक्षा त्या हसण्याची भीती वाटली.

मुदत पाहिली, शिल्लक होती.
नाव पाहिलं, काना-मात्रेसकट जुळत होतं.
घड्याळ पाहिलं (वीज जाऊन आली की सर्व्हर कधीकधी
भलत्याच वर्षात जागा होतो), तेही बरोबर.
माझ्या लॅपटॉपवर सगळं ठीक.
दीपाच्या फोनवर लाल.
एकच दार, मला उघडं, तिला बंद.

साडेअकराला इन्व्हर्टर गुरगुरला
आणि मला आंतोन आठवला.

माझ्या लॅपटॉपने मधला दाखला
दुसऱ्या कुठल्या दारावर कधीतरी पाहिला होता,
तो त्याला अजून आठवत होता.
दीपाचा फोन नवा, गेल्या चतुर्थीचा.
त्याला वरचा मोठा अधिकारी ठाऊक,
समोर उभा सर्व्हर दिसतोय,
मधे उभं राहून "आमचाच रे तो" म्हणणारं कुणी नाही.
नूतनीकरण करताना कुणीतरी
सर्व्हरचा तेवढा दाखला चिकटवून घरी गेला होता.

मी तो मजकूर शोधला, खाली जोडला,
कुणालाच न वाचता येणाऱ्या अक्षरांचा एक ठोकळा,
आणि सेवा पुन्हा सुरू केली.
दीपाच्या फोनवर दर उमटले,
सुपारी, मिरी, काजू.
"एवढंच?"
एवढंच.
तरी तिचा अंगठा पडद्याच्या तळाशी
ते बारीक बटण शोधत राहिला.

फाटकाशी दव पडत होतं.
फटू बाकावर आडवा, घोरत.
आंतोनने वही पुढे केली.
आल्याची वेळ, जाण्याची वेळ,
नाव: लीलांगी.

मी नीलांगी.
पेन माझ्याच हातात होतं.
लीलांगीच्या पुढे सही केली आणि
फटूला उठवायचं की नाही ते ठरवत
जरा वेळ तिथेच उभी राहिले.