मागचं कडं

नव्वदची टॅमरॉन.
नौपाड्यात एका कपाटाच्या तळातून निघाली,
रिकामी रिळं आणि बंद पडलेल्या स्टुडिओची
पावतीपुस्तकं यांच्याखालून.
"अठराशे," बाई म्हणाल्या. मी घासाघीस केली नाही.

कॅमेरा ज्या घराण्याचा, त्या घराण्यातली ही नव्हे.
तेव्हाही दुकानदार काउंटरखालूनच काढत असणार:
"बजेट नसेल तर ही बघा."
मागचं कडं फिरवलं की सुटतं,
दुसरं बसवलं की ही दुसऱ्या घरची.
निकॉनकडे नांदली, पेंटॅक्सकडे नांदली,
आडनाव कुणाचंच लावलं नाही.

पण रिंग फिरवून बघा.
थंडीत घट्ट झालेला मध चमच्यावरून उतरावा
तशी फिरते, ना घाई, ना अडखळ.
आकडे छापलेले नाहीत, कोरलेत,
कोरून त्यांत रंग भरलाय.
नखानं चाचपले तर अंधारातही वाचता येतील.

आत मात्र बुरशी, खाडीच्या हवेचं देणं.
काचेच्या कडेला पांढरी बारीक मुळं,
कुणी चोरून झाड लावल्यासारखी.

ऐरोलीला, दिवा गावात, जिन्याखाली
पद्माकर मढवी बसतात.
बावीस वर्षं ठाणे-बेलापूर रोडवर इन्स्ट्रुमेंट फिटर,
पगार ठेकेदाराकडून,
गेटपास दर सहा महिन्यांनी नवा,
कँटीनचं कूपन वेगळ्या रंगाचं.
हे ते सांगत नाहीत. त्यांच्या पुतण्यानं सांगितलं.
ते एवढंच म्हणाले, "दिवा जरा अलीकडे धरा."

तीन स्क्रू. मग एक कडं. मग आणखी एक.
प्रत्येक स्क्रू औषधाच्या बाटलीच्या झाकणात,
निघाला त्या क्रमानं.
पुढची काच उचलली आणि थांबले.
भिंग माझ्या हातात दिलं.

नळीच्या आतल्या भिंतीवर,
उजेड तिथं रेंगाळू नये म्हणून फासलेल्या काळ्या रंगावर,
पेन्सिलची एक रेघ. तिला छेदणारी दुसरी.
चाळीसेक वर्षांपूर्वी कुठल्याशा टेबलावर
कुणीतरी दोन नळ्या नेमक्या कुठं जुळतात
ते बघून ठेवलेलं.
सही नव्हे.
कुणी बघावं म्हणूनही नव्हे.

मढवींनी काच पुसली, आतून बाहेर, गोल गोल.
मग नळी. त्या खुणेपाशी आल्यावर
कापूस वळवून घेतला.
"आम्ही खिळ्यानं करायचो," म्हणाले,
"व्हॉल्व्हच्या बुडाला.
असतील अजून कुठंतरी पाइपांत."
आणि फुग्यानं धूळ उडवली.

संध्याकाळी ओहोटी होती.
जेट्टीखालच्या चिखलात एक निवटी
डोळे वर काढून बसलेली.
मी गुडघे टेकले, रिंग फिरवत गेले,
पुढे, थोडी मागे,
आणि एका जागी सगळं जुळलं:
डोळ्यातला ओला ठिपका, ठिपक्यात आभाळ,
आभाळात खाडीपुलाची सुतासारखी रेघ.
मागचा चिखल असा विरघळलेला
की तो चिखल आहे हे सांगावं लागेल.

मढवींना दाखवायला परत गेले.
फोटोकडे एकदा बघितलं,
मग बराच वेळ लेन्सच्या मागच्या कड्याकडे.
अंगठ्यानं दाबून पाहिलं.
"हलत नाही ना?"
नाही.
"मग झालं."