तिसरा रकाना

माझ्या कार्डावर अरबीत एक शब्द आहे, खाली इंग्रजीत तोच:
डिपेंडंट.
मुश्ताकच्या कार्डाला माझं कार्ड टाचलेलं,
त्याचं कंपनीच्या परवान्याला, परवाना आणखी कुणाच्या सहीला.
कुणाची तारीख आधी संपते
ते दरवर्षी मार्चात आम्ही जेवणाच्या टेबलावर मांडून बघतो.

त्यामुळे असेल, हे काम मला पटकन समजलं.

सूर नावाच्या गावात, बेसूर एसीखाली,
दुपारी दोन ते पाच मी एक टूल लिहीत होते:
प्रोग्रॅमने कुणाकुणाकडून काय उसनं आणलंय
आणि आणलेलं किती शिळं झालंय, ते सांगणारं.
मुश्ताकच्या प्लांटवर समुद्राचं पाणी गोडं करतात.
तिथला रोजचा अहवाल आठवडाभर
तारखेच्या जागी फुल्या छापत होता.
"बघ ना जरा," तो म्हणाला होता, डबा विसळता विसळता.

पहिल्या दिवशी टूल ठासून म्हणालं,
एक पॉइंट दहापेक्षा एक पॉइंट नऊ नवं.
आकडे मोजतच नव्हतं ते, अक्षरं लावत होतं,
बालवाडीतल्या पोरासारखं: एक आधी, नऊ मागून.
मी हसले.
मग दोन दुपारी त्यातच गेल्या.

यादीत अकरा नावं होती.
म्हटलं, अकराच तर आहेत, मगरिबच्या आत उरकेल.
पण अकरांनी आपापले पाहुणे आणलेले,
पाहुण्यांनी त्यांचे,
आणि दाभोळच्या लग्नात शेवटची पंगत बसल्यावर कळतं तसं
कळलं की माणसं चारशे बारा आहेत,
निम्म्यांना घरातलं कुणी ओळखत नाही.
लाल. लाल. हिरवं. लाल. लाल. लाल.

सगळ्यात तळाशी एक सापडलं.
आकड्याच्या डावीकडे शून्य लावतं, बस.
सातचं शून्य सात करतं. सतरा ओळी.
नऊ वर्षांत कुणी हात लावलेला नाही.
लिहिणारा कुणी मारेक, गाव ब्रनो.
मी विचारलं, हे अजून बघतोस का?
तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, एवढंच:
नाही. ते झालंय.

बाहेर ओहोटी होती.
खाडीच्या चिखलात होड्या एका कुशीवर निजलेल्या,
भरती येईपर्यंत त्यांना कुणी उठवणार नव्हतं.

रात्री मुश्ताकला सांगितलं.
म्हणाला, आमच्या तीन नंबरच्या पंपाला एक झडप आहे,
हिलालचा बाप बसवून गेला.
तारेने चिठ्ठी बांधलीय तिला, अरबीत, हिंदीत, मल्याळममध्ये:
हात लावू नका.
"बिघडलीय?"
"छे. म्हणून तर."

मग मी तिसरा रकाना काढला.
लालही नाही, हिरवाही नाही.
नाव सुचेना.
अम्मी कैरीच्या बरणीला जे म्हणायची ते दिलं: मुरलेलं.
अठरा जणं त्यात बसली.
हा रकाना टूलला आपला आपण भरता येत नाही,
माणसाला एकेक उघडून वाचावं लागतं,
आणि वाचून गप्प बसता यावं लागतं.

फुल्यांचा दोष, तुम्हाला सांगते,
एका हिरव्यात निघाला,
मागच्याच मंगळवारी नव्या झालेल्या.

शेवटी टूल मी टूलवरच फिरवलं.
सव्वा महिन्याचं होतं. तीन लाल.
मुश्ताक म्हणाला, आता तुझं कार्ड घाल त्यात.
घातलं नाही.
मार्चला अजून अकरा आठवडे आहेत.
नळ सोडला, ग्लासात कालचा समुद्र भरून घेतला,
आणि ती तीन नावं
विजेच्या बिलाच्या पाठीवर उतरवू लागले.