सौम्यवासरे

प्रार्थनेच्या हॉलमधली सतरंजी गुंडाळून
भिंतीशी उभी केली, आणि मला सांगण्यात आलं:
तांबवेकर सर, तीन दिवस तबला नाही.
आफ्रिका आहे.

मी मागच्या बाकावर बसलो.
मांडीवर पिशवी, पिशवीत हातोडी, पावडरचा डबा,
अडतीस वर्षं असतात तसे.
रावपुऱ्यातल्या आमच्या मराठी शाळेत
आता सगळे वर्ग मिळून एकशे बारा मुलं.
त्यातली चाळीस अनवाणी उभी होती
जानेवारीच्या गार फरशीवर,
उत्तरायणात मांजाने चिरलेली बोटं
चिकटपट्टीत गुंडाळून.

तो आला. घानाचा. उंच, चष्मेवाला,
वाघोडियाकडच्या कॉलेजात औषधशास्त्र शिकतो.
बस उशिरा सुटली म्हणून आधी "माफ करजो" म्हणाला,
मग नाव सांगितलं: क्वाकू.
झालं! काकू आली, काकू आली, सगळा हॉल.
कुणीतरी त्याला काकूचा अर्थ सांगितला.
तो इतका हसला
की खांद्यावरचा ढोल खाली ठेवावा लागला.

ढोल थंडीने बसलेला. थाप मारली तर
ओल्या पोत्यावर मारल्यासारखी.
खोडाला सहा खुंट्या, त्या ठोकायला
तो मैदानात दगड शोधायला निघाला.
मी उठलो.
गठ्ठे ठोकतात तसंच आहे की, म्हटलं,
कडेकडेने, एकदम जोर नाही.
सहाव्या खुंटीला कातडं बोललं.
त्याने माझ्याकडे पाहिलं.
मी हातोडी त्याच्या हातात दिली
आणि परत बाकावर.

तासभर सम शोधत होतो.
बोटांची पेरं मोजून थकलो.
माझ्या हिशेबाने ती यायला हवी तिथे
कुणाचा तरी पाय वर असायचा.
मुलांना काही अडत नव्हतं.
लोखंडी घंटा दुर्वांक मानेकडे होती,
तीनतालात जो कायम अर्धी मात्रा मागे,
ज्याला मी अडीच वर्षं ओरडतोय.
ती त्याची मागे राहिलेली अर्धी मात्रा
तिथे अशी बसली, जणू
तिच्यासाठीच जागा धरून ठेवली होती.
मी चष्मा पुसला. नुसता पुसला.

फाटकावरचे बिलालभाई सिदी दारात येऊन उभे.
कुणी तरी पोरगं ओरडलं, काका, हे तुमचंच ना?
ते म्हणाले, मी झगडियाचा रे,
माझा ढोल वेगळा.
पण गेले नाहीत. उजवा खांदा
थोडा थोडा हलत होता. बाईंनी पाहिलं
तेव्हा थांबला.

क्वाकू म्हणजे बुधवारी जन्मलेला.
तिकडे वारावरून नाव पडतं, म्हणाला,
उद्या आपापला वार विचारून या.
दुसऱ्या दिवशी हॉलभर नवी हजेरी:
कोफी, यॉ, आमा, दोन-दोन क्वामे.
पृथा खासगीवाले हळूच म्हणाली, मंगळवार.
घरी तिच्या मंगळाबद्दल
स्वयंपाकघरात बोलतात, दार लावून.
"अबेना!" तो मोठ्याने म्हणाला,
आणि तिला नाचात सगळ्यांच्या पुढे उभं केलं.
गुडघे वाकवा, पाठ झुकवा, जमिनीशी बोला.
ती बोलली. पैंजण नव्हते, तरी
फरशी ऐकत होती असं वाटलं.

मलाही विचारलं त्याने. सर, तुमचा?
सांगता येईना. ज्यांना माहीत होतं
त्यांतलं आता कुणी नाही.
रात्री पेटी उघडली. पत्रिका
घडीवर फाटलेली, हळदीचं बोट कोपऱ्यात,
शके, संवत्सर, पक्ष, आणि मग
कुण्या जोशीबुवांच्या वळणदार अक्षरात:
सौम्यवासरे.

सौम्य म्हणजे बुध.
मी दिवा न घालवता बराच वेळ बसलो.
अठ्ठावन्न वर्षं नुसता वसंत.

तिसऱ्या दिवशी हे सांगायचं राहिलं.
पाहुणे, हार, फोटो, मग त्याची बस.
मार्चमध्ये मी निवृत्त होतो.
हातोडी त्याच्याच पिशवीत गेली.
मागवलेली नाही.