बिनहाडाची

वरिष्ठ म्हणाले, गुन्वोर, चौकीचं पान आता तुझ्याकडे.
लोकांत मिसळ. जरा हलकंफुलकं लिही.
मी एकोणपन्नास वर्षांची, एका बोटानं टाइप करणारी,
त्या बोटातही हिवाळ्यात अर्धाच जीव.

पहिल्या आठवड्यात टाकला एक लाल हातमोजा,
बर्फात सापडलेला, डाव्या हाताचा.
सव्वाशे जणांनी अंगठे उमटवले
(मोजा अजून माझ्याच खणात आहे).
मग रस्त्याच्या मधोमध रुसून बसलेलं रेनडिअर,
मग धक्क्यावर कुणी विसरलेली दातांची कवळी.
स्काल्वनेस हसलं. पावाच्या रांगेत
माणसं आपणहून बोलू लागली, गणवेशाकडे न बघता.
मला वाटलं, जमलं.

मार्चमध्ये कॉड येतो.
शाळा सुटली की मुलं धक्क्यावर, एप्रन घोट्यापर्यंत.
खिळ्यावर मुंडकं अडकवायचं, सुरी फिरवायची,
जीभ बादलीत.
किलोमागे पैसे, ज्याचे त्याला.
त्या मंगळवारी सिव्हर्टची बादली गेली.
अकरा किलो जिभा.

मी लिहिलं, घाईत, कॉफी निवत होती म्हणून:
‘एका मुलाची मेहनत चोरीला गेली.
धक्क्यावर कुणी नवे चेहरे पाहिले का?’

नवे चेहरे.
दोन शब्द. ते मी का लिहिले
अजून नीट सांगता येत नाही.

रात्रीत एकशे नव्वद उत्तरं.
आधी हळहळ.
मग, सगळ्यांना माहीत आहे कोण ते.
मग, फॅक्टरीच्या वरच्या खोल्या तपासा.
मग ओड्लाउग, जी चर्चमध्ये मेणबत्त्या लावते,
तिनं नावच लिहिलं. मुलीचं. वय वर्षं बारा.
जिभेला हाड नसतं म्हणतात,
इथे तर तिला तोंडही लागत नाही.

सकाळी बादली सापडली.
सिव्हर्टच्या आजोबांनी शीतघरात नेऊन ठेवली होती,
माल खराब होऊ नये म्हणून,
आणि विसरले.

वरिष्ठ म्हणाले, पुसून टाक, लोक विसरतात.
मी पुसलं नाही. खाली लिहिलं:
बादली घरातच होती. चोर नव्हताच.
‘नवे चेहरे’ हे शब्द माझे, चूक माझी.
खालचं नाव मी काढलंय,
पण कुणी काय लिहिलं ते वाचलंय,
त्या प्रत्येकाच्या दारी मी येणार आहे.
अंगठे आले नऊ.

पण आधी फॅक्टरीच्या वर.
दार मुलीनंच उघडलं. तेन्मोळी.
बाबा म्हणतात आत या, बूट काढा.
नल्लतंबी रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल,
तरी आल्याचा चहा त्यांनीच केला.
गाडीत घोकलेली माफी मी सगळी म्हटली.
त्यांनी ऐकून घेतली, मग म्हणाले,
तिच्या नावाचा अर्थ, मधासारखी बोली.
मुलगी अंगठ्यावरची सुरीची खूण बघत होती.
‘वर्गातल्यांनी वाचलं ते,’ एवढंच बोलली.
चहा पार निवेपर्यंत मला काही सुचलं नाही.

मग चौदा घरं. तेरा दारं उघडली.
ओड्लाउगचा पडदा फक्त हलला.

एप्रिलात, पहाटे पावणेतीनला,
पानावर एक फोटो आला, नमस्कार वगैरे काही नाही.
दिव्याखालचं वळण, रस्ता काळा, काचेसारखा.
‘पुलाजवळ बर्फ. पाचला मासळीचा ट्रक येतो.
लोकांना सांगा.’

मी मोजा काढला.
विचारलं, तुमचं नाव घालू?
तीन ठिपके हलत राहिले, बराच वेळ,
इतका, की मी उठून खिडकीशी जाऊन आले.

मग उमटलं:
घाला.
पण नीट लिहा.