खिडकीबाहेरची पिशवी

आमच्या वसतिगृहात फ्रिज एकच, तोही तळमजल्यावर,
आणि त्याची किल्ली माझ्या कमरेला.
म्हणून ऑक्टोबर उलटला की
मुली खिडक्यांना बाहेरून पिशव्या बांधतात.
कुणाची निळी, कुणाची दुकानाचं नाव पुसलेली.
आत मेंढीचं मांस, लोण्याचा गोळा, गावाकडचं काहीबाही.
उणे तीसमध्ये अख्खं उलानबातर एक फ्रिज,
आणि त्याचं वीजबिल कुणी मागत नाही.

नियम नऊ : खिडकीबाहेर काहीही टांगू नये.
तो दरवर्षी मीच भिंतीवर चिकटवते.
मग मीच अंगणातून वर बघते
आणि पिशव्यांवरून मजले वाचते:
तिसऱ्यावर लांबच्या, डोंगरापलीकडच्या, पिशव्या जड;
पाचव्यावर शहराजवळच्या,
दर शनिवारी घरी जाऊन जेवून येणाऱ्या.

चारशे बारामध्ये चौघी.
खालिउन, उंड्राम, सारनाई,
आणि दारालगतच्या वरच्या खाटेवर देल्गेरमा,
जी पहिल्या दिवशी नळ सोडून
नुसती उभी राहिली होती,
गरम पाणी बोटांवरून वाहू देत.
मी ओरडले, "अगं, बंद कर!"
ती म्हणाली, "एगच, हे संपत नाही?"
एगच म्हणजे ताई. सगळ्याच म्हणतात.
संपतं गं. उन्हाळ्यात पाइप दुरुस्तीला काढतात,
मग तीन आठवडे किटलीवर अंघोळ.
पण तेव्हा मी काही बोलले नाही.

धुलाईची मशीनं दोन, चालतं एक.
वहीत रेघ मारून नाव लिहायचं.
देल्गेरमाचा गुरुवार, संध्याकाळी सात.
भूगर्भशास्त्राचं जाडजूड पुस्तक मांडीवर,
आणि नजर काचेतल्या कपड्यांवर,
उतू जाणाऱ्या दुधावर ठेवावी तशी.

फेब्रुवारीत सणाला सगळ्या गावी गेल्या.
तिघी परतल्या.
नियम चौदा : तीस दिवस गैरहजर, तर खाट रिकामी समजावी.
वाट बघणाऱ्यांची यादी माझ्याच टेबलावर,
एकसष्ट नावं.
विचारलं, तर खालिउन म्हणाली,
"येतेय ना. पिशवी आहे तिची बाहेर."

एप्रिलमध्ये ऊन तापलं
आणि तीनशे बाराच्या मुली तणतणत खाली आल्या.
वरून ठिबकतंय, काचेवर लाल ओघळ, वास.
मी वर गेले. वरचं छोटं तावदान उघडून हात घातला.
तिघी भिंतीला टेकून गप्प,
जणू मी पिशवी नाही, खाटच उचलतेय.

गाठ घोडा बांधायची.
ओढाल तितकी आवळणारी,
आणि नेमकं टोक सापडलं तर एका झटक्यात सुटणारी.
चौतीस वर्षं झाली मला शहरात.
बोटांनी विचारलंसुद्धा नाही.

त्या रात्री चौथ्या मजल्याच्या शेगडीवर मोठं पातेलं चढलं.
खराब झालेलं कापून टाकलं, बाकी बरंच निघालं.
सारनाईने शेवया लाटल्या, जाड्या, वेड्यावाकड्या.
तीनशे बाराच्याही आल्या वाट्या घेऊन,
आधी फुगलेल्या,
मग दुसऱ्यांदा वाढून घेणाऱ्या.
मी कोपऱ्यात हजेरीची वही उघडली
आणि मार्चपासूनचे रकाने भरत बसले.
हजर. हजर. हजर.
शाई वेगळी दिसते. दिसू दे.

नऊ वाजता ऑफिसातला फोन वाजला.
पलीकडे वारा, आणि धाप,
रेंजसाठी टेकडी चढून आल्याची.
भाऊ घोड्यावरून पडलाय, पाय मोडलाय,
मेंढ्या रोज वीस-वीस वितायत,
रात्री कोकरं चुलीपाशी घेऊन झोपते, एगच,
अंगाला सगळा तोच वास.
मला वाटलं, आता खाटेचं विचारेल.
ती म्हणाली,
"गुरुवारचे सात अजून माझेच ना?
कपडे फार साचलेत."

थांब हं, बघून सांगते, मी म्हटलं,
आणि वही उघडलीच नाही.