भाडं

सोनाराची जुनी तागडी आहे माझ्याकडे. सोनं नाही.
तिच्यात मी केळीच्या सोपटाचे झुमके तोलते:
जोडी नऊ ग्रॅम, पितळी आकड्यांसकट.
पुठ्ठ्याची डबी, कापूस, चिठ्ठी, पत्त्याचा कागद
धरून सत्तेचाळीस.
म्हणजे पन्नासच्या आत. तीन ग्रॅम श्वास घ्यायला.

पण पन्नासच्या आत असून काय,
सावद्याहून निघालेली डबी
रावेरला जाताना तीस मागते,
सिलचरला जाताना सत्तर,
आणि दुकानाच्या त्या चौकटीत
मला एकच आकडा लिहायचा आहे.

सिलचरची बाई रात्री अकराला आली होती.
दोनशे चाळीसचे झुमके तिनं कार्टमध्ये टाकले,
पुढच्या पानावर ‘टपाल: सत्तर’ वाचलं
आणि गेली.
दार लोटल्याचा आवाजसुद्धा नाही.
आठवडी बाजारात बाई निदान मान तरी वळवते,
चार पावलं जाऊन पुन्हा बघते,
आपल्याला म्हणता येतं, ये व माय, दहा कमी दे.

मग वहीत रेघा ओढल्या.
पाचशेच्या वर फुकट, असं लिहिलं.
दोन जोड्या होतात चारशे ऐंशी.
राहिलेल्या विसासाठी कुणीतरी
दीडशेची नको असलेली अंगठी घेणार.
ती अंगठीही मीच वळलेली,
तिला असं नको म्हणून का पाठवू?
खोडलं.
सगळ्यांना सरसकट पन्नास.
म्हणजे रावेरवालीनं सिलचरवालीचं तिकीट काढायचं,
ओळख ना पाळख.
हे जरा बरं वाटलं. तरी तेही खोडलं.

दोधूमामा ओट्यावर सुपारी कातरत होते.
स्टेशनात केळीच्या वाघिणी भरल्या जायच्या
तेव्हाचे ते हिशेबनीस.
“भाव बागेवरचा सांगायचे आम्ही,” म्हणाले,
“मंग दिल्लीवाला कापायचा. भाडं, हमाली, दांड्याची तूट,
वाटंत पिकलेलं, कोपऱ्यात चेंगरलेलं.
पट्टी वाचली का वाटे,
माल आपला नव्हताच, भाडं तेवढं आपलं होतं.”
अडकित्ता थांबला.
“भाडं तं कोनी ना कोनी भरतच, पोरी.
कोन्या ओळीत लिवायचं, तेवढं तुह्या हातात.”

टपालाची ओळ पुसली.
झुमक्यांपुढे लिहिलं: दोनशे नव्वद, घरपोच.
सिलचरला माझे वीस जातील,
रावेरला वीस राहतील.
माझ्या बोटांची मजुरी आणि पोस्टमनची सायकल
एकाच आकड्यात खेटून बसली,
कुणाचं किती, बाहेरून कळू नये अशी.
दोन दिवस सोपट सोलताना तेच डोक्यात:
याचे पदर कसे सुटतात, एकाखाली एक,
ओले, पांढरे,
आकड्याचे सुटत नाहीत.

तिसऱ्या दिवशी मागणी आली.
हर्षाली फिरके. पत्ता वाचते तर
आमचीच मागची गल्ली, पिठाच्या गिरणीशेजारी.
पोस्टात काय जायचं?
चालत गेले. एकशे बारा पावलं.
तिनं डबी कानाशी नेऊन हलवली.
“तूच आली व? मंग टपालाचे पैसे?”
त्यातच आहेत, म्हटलं.
“कोन्यात?”

गिरणीचा पट्टा फटफटत होता,
म्हणून मला ऐकू आलं नाही असं दाखवता आलं.
मग मी पायातल्या चपला दाखवल्या.
ती हसली, मीही हसले,
आणि पन्नास रुपये माझ्याकडेच राहिले.

घरी येऊन मामांना सांगितलं.
ते हसले नाहीत.
“दांडा कापला का?” एवढंच विचारलं.

वहीत आता खाली एक नवी ओळ आहे:
सावदा, हातानं.
तिच्यापुढचा आकडा अजून लिहिलेला नाही.
सिलचरची बाईही
अजून परत आलेली नाही.