निमुळतं

हाय विकमच्या औषधाच्या दुकानात
मिस्टर ट्रेंडल डॉक्टरांची चिठ्ठी डोळ्यांशी धरतात,
"टेपर ऑफ म्हणजे बंद करायचं ना?"

नाही हो. या आठवड्यात आठ गोळ्या, पुढच्यात सात,
मग सहा. एकदम सोडल्यात तर
अंग बंड करेल. मी पाठ झालेलं बोलते
आणि आतल्या आत शब्द शोधते.
ओसरणं पुराचं. उतरणं तापाचं.
आटणं दुधाचं, विरणं लुगड्याचं.
ही सगळी आपसूक होणारी.
आपल्याच हाताने, मोजून,
थोडं थोडं कमी करत आणण्याला
आमच्या मिरजेत काय म्हणायचे?

ते हसतात. डाव्या अंगठ्याला टोक नाही त्यांच्या.
"चाळीस वर्षं खुर्च्यांचे पाय कातले मी.
पाय खाली बारीक होत जातो, बाई,
संपत नाही.
त्याच्यावर माणूस बसतो."
काउंटरवर बोट ओढून दाखवतात,
इथे जाड, इथे कमी, इथे अजून कमी,
घाई केली की लाकूड तडकतं.

मी डबीवर लिहिते ८, ७, ६, ५
आणि पाचाशी पेन अडतं.
भावाला आधी रोज फोन, मग रविवारी,
मग पाडव्याला.
त्याची चिठ्ठी कुणी लिहून दिली नव्हती.

"आणि शून्यानंतर?"
शून्यानंतर डॉक्टरांना भेटा, रक्त तपासतील.

ते मान हलवतात, जाता जाता वाकून
माझ्या काउंटरचा पाय चाचपतात.
"प्लायवूड," म्हणतात,
आणि पिशवी तिथेच विसरून जातात.